बिरू, तुला काय सुचलं होतं?

बिरू, आधी त्या फोनचं काय करायचं ते सांग.

कराडच्या स्टँडवरून केलास तो. मागे गाड्या पुकारत होते, कुणाचं तरी पोरगं रडत होतं, आणि तू माझ्या कानात ओरडत होतास. फोन लांबचा असला की मोठ्यानं बोलायचं, ही तुझी जन्मभराची समजूत. "वसंता, हौसाबाईच्या कागदाचं एक सुचलंय गड्या. लय सोपं हाय. आपुन दोघं बी आंधळं." मी म्हटलं, बोल की मग. तर म्हणालास, "फोनवर न्हाई. तू मधी मधी बोलतोस. सांजच्याला येतो, समोर बसून सांगतो. भजी आणून ठेव."

भजी आणली. गार झाली. दिवेलागणीला तुझ्याच नंबरवरून पुन्हा फोन आला आणि मी उचलल्या उचलल्या म्हटलं, कुठं तडमडलास रे? पलीकडे भलताच माणूस. "आवं, ह्ये तुमचं कोन लागत्यात?" भाऊ म्हणावं तर मी रहिमतपूरचा, तू आटपाडीचा, ना नातं ना गोतं. मित्र म्हणावं तर ज्याच्याबरोबर एकदा चहा घेतला त्यालाही लोक मित्र म्हणतात. "आमचे भागीदार आहेत," असं मी म्हणालो. दुसरा शब्द अजून सापडलेला नाही.

तेव्हापासून मी त्या फोनपाशीच आहे. लोकांना वाटतं, वसंतराव खचले. खचलोय, नाही कशाला म्हणू. पण लेका, खरं सांगतो, त्याच्या आधी मला तुझा राग आलाय. अर्धं बोलून कुणी जातं का? तुझ्या बाकीच्या सगळ्या खोडी मी चालवून घेतल्या. मायक्रोस्कोपवर तंबाखूचे हात, माझ्या खुर्चीवर वाळत घातलेला टॉवेल, कोर्टात वकिलाला "आवं दादा" म्हणणं. ही खोड नाही चालवून घेता येत मला.

तुझ्या दहाव्याला सुमनवहिनींच्या माहेरचे पाहुणे आले होते. त्यातल्या एका म्हाताऱ्यानं मला बाजूला घेऊन विचारलं, "तुमी आन आमचं दाजी सांगलीत नेमकं करत काय हुता?" म्हटलं, कागद बघत होतो. "मंजी वकील?" नाही. "मग जोतिष?" तू असतास तर म्हणाला असतास, व्हय, फकस्त मागचं सांगतो. मी आपलं नीट समजावून सांगितलं. शाईवर बारीक उजेड टाकायचा. शाई त्यातला काही गिळते, काही परत देते. परत आलेल्या उजेडाचा यंत्र आलेख काढतं. त्यावरून शाई कुठल्या जातीची, किती विटली, दोन ओळी एकाच पेनच्या आहेत की नाहीत, ते दिसतं. कागदावर यूव्ही दिवा धरला की पांढरेपणासाठी गिरणीत घातलेलं रसायन निळं उजळतं; जुन्या कागदात ते नसतं किंवा विटलेलं असतं. अशा सगळ्यावरून, जुना म्हणून आणलेला कागद खरंच जुना आहे का, हे कधी कधी सांगता येतं. बऱ्याचदा येत नाही. म्हातारा म्हणाला, "येत न्हाई तर मग कोर्ट तुमाला कशाला बलवतंय?"

बघ, तुझ्या सासरच्यांनी एका वाक्यात आपलं भांडण सांगितलं. मी सरकारी प्रयोगशाळेत केस पांढरे केलेला माणूस. कोर्टानं विचारलंय तर उत्तर द्यावं, ही माझी शिस्त. तुझं म्हणणं, "मत देता येत नाही" हेही उत्तरच असतं आणि बऱ्याच वेळा तेच खरं असतं. तुझ्या अहवालात ते वाक्य इतक्यांदा यायचं की साताऱ्याचे वकील तुला मागनं "येत नाही साहेब" म्हणायचे. तुला ते कळल्यावर तू खूश झाला होतास. मला मात्र तुझ्या वतीनं राग आला होता. तुझ्या वतीनं रागवायचं खातं पहिल्यापासून माझ्याकडेच होतं.

आपण सांगलीत दोन खोल्या घेऊन बसलो तेव्हा ठरलं होतं की दोघांची सही झाल्याशिवाय अहवाल बाहेर जाणार नाही. आधी दोघांनी वेगवेगळं बघायचं, मग भांडायचं, मग सही. काही अहवाल त्या पायी इतके रखडले की पक्षकारांनी आपसात तडजोड करून टाकली. तू म्हणायचास, आपलं भांडान लोकांना लाभतंय.

एका गोष्टीत मात्र मी तुझ्यापुढे कायम हात टेकले. दसऱ्याचे कागद. खंडेनवमीला लोक कोयता पूजतात, तराजू पूजतात, गाडीला हार घालतात. आपण तो आलेख काढणारा स्पेक्ट्रोमीटर पूजायचो. कुंकू लांबूनच, कारण मी ओरडायचो. आणि दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला, त्या वर्षी बाजारात मिळतील तेवढी सगळी पेनं आणून तू एकाच जातीच्या फुलस्केपवर प्रत्येक पेननं एक ओळ लिहायचास. एकच हात, एकच दाब, एकच वाक्य. नाहीतर जुनी शाई नवीशी ताडायची कशी? कराडला हॉस्टेलवर होतो तेव्हाच हे खूळ तुझ्या डोक्यात शिरलं. तेव्हा मी हसलो होतो. पुढे सगळ्या जिल्ह्यात कुणाकडे नव्हते असे नमुने आपल्या कपाटात होते.

आणि वाक्य काय? "आज दसरा. पाऊस बरा झाला."

दर वर्षी हेच. एका साली तुमच्या आटपाडीकडे टँकर चालले होते, तुझे चुलते मेंढरं घेऊन कधीचेच खाली उतरले होते, गावात चारा नव्हता. तू इकडे बसून शांतपणे लिहितोयस, पाऊस बरा झाला. मला राहवलं नाही. म्हटलं, बिरू, इतकं धडधडीत खोटं लिहायला हात कसा धजतो रे तुझा? तू मान वर न करता म्हणालास, "आरं येड्या, ह्यो संदर्भ नमुना हाय, बातमी न्हाई." माझी आई गेली त्या वर्षीही पाऊस बरा झाला. तुला हृदयाचा पहिला झटका येऊन तू घरी पडून होतास त्या वर्षी पेनं आणि कागद घेऊन मी तुझ्या खाटेपाशी आलो होतो. उशीवर पाट ठेवून तू ओळी काढल्यास, आणि तेव्हाही पाऊस बराच झाला होता.

आता हौसाबाईचा कागद. तुला काय सांगायचा म्हणा, पण मला पहिल्यापासून मांडल्याशिवाय विचार करता येत नाही, आणि ऐकून घ्यायला दुसरं कुणी नाही.

हौसाबाई तुमच्या आटपाडीकडचीच, धनगराची. बाप मेल्यावर बहिणीनं जमिनीवरचा हक्क सोडला, असं तिच्या भावानं कोर्टात सांगितलं आणि संमतीचा कागद पुढे केला. हातानं लिहिलेला साधा फुलस्केप. त्यावर बाप गेला त्या सालची तारीख. खाली हौसाबाईची सही. ती म्हणते, असा कागद आपण बघितलाही नाही. सही तिच्या वळणाची आहे का, हे दुसरे तज्ज्ञ बघणार होते. आपल्याकडे प्रश्न एवढाच आला, कागद आणि शाई त्या तारखेची आहे का.

त्या दिवशी कोर्टाच्या व्हरांड्यात ती तुझ्या शेजारी बाकावर येऊन बसली. पक्षकाराशी बोलायचं नाही हा तुझाच नियम, पण गावाकडची बाई दिसली की तुझे नियम पातळ व्हायचे. तिनं विचारलं, "तुमच्या मशिनीला समदं कळतं व्हय?" तू म्हणालास, "न्हाई मावशी. लय थोडं कळतं. पर जेवढं कळतं तेवढंच बोलती." ती म्हणाली, "मंग मानसापरास बरी." तू उठून आत गेलास. तुझ्या पाठीवरूनच मला कळलं की तुला ते लागलंय.

कागद पिवळाधमक होता. यूव्ही दिव्याखाली निळं काही उजळेना, म्हणजे वरकरणी जुना. मी म्हटलं, जुना असेल. तू नाक लावून हुंगलास आणि म्हणालास, हळद. आलेखानं तेच सांगितलं. हळद यूव्हीखाली स्वतः हिरवट पिवळी उजळते आणि कागदाची निळी चमक गिळून टाकते. भाऊ मार्केट यार्डात हळदीच्या गोदामावर कामाला, कागद तिथल्याच ट्रंकेत ठेवला होता, असं तो स्वतःच सांगत होता. मी म्हटलं, झालं, मुद्दाम चोळलीय. काही जण चहात बुडवतात, काही चुलीवर धरतात, ह्यानं हळद वापरली. कागद बनावट, लिही.

आणि तुझं सुरू झालं. "सांगलीत हळद न्हाई लागली आसा एक कागद दाव मला." अरे, पण इतकी? "गोदामात जाऊन बघ, तितं मानसं बी पिवळी हायती." मी म्हटलं, चोळलेली हळद आणि बसलेली हळद वेगळी असते. "यंत्राला कळती ती?" यंत्राला नाही, मला कळते. "मग तुलाच लावू बाकावर दिवा धरून. यंत्र कशाला पायजे?"

मी अजूनही म्हणतो, माझा संशय बरोबर होता. तू गेलास म्हणून मी माझं मत बदलणार नाही. मेलेल्या माणसाला सगळं मान्य करून टाकायची आपल्याकडे पद्धत आहे. तिचा तुला तिटकारा होता, म्हणून तरी मी ती पाळत नाही.

मग तू तो उद्योग केलास. मला न विचारता दसऱ्याच्या कागदांच्या पट्ट्या कापल्यास, काही जुन्या, काही अलीकडच्या, आणि ओळखीच्या एका हळदीच्या गोदामात नेऊन टांगल्यास. गोदामात ठेवलेला कागद आपोआप किती पिवळा होतो ते बघायचं म्हणे. मी कपाट उघडलं आणि कातरलेले कागद बघून माझं डोकं फिरलं. आयुष्यभराचे नमुने, आणि हा गडी कातरतो शिंप्यासारखा. मी तुझ्याशी बोलणं टाकलं. तू माझ्यासमोर माझ्या वाटणीचे पोहे खाल्लेस आणि वर म्हणालास, "रुसलेल्याचं पोहं लय ग्वाड लागत्यात." दुसऱ्या दिवशी मी बोलायला लागलो, पण ते पोह्यांसाठी, तुझ्यासाठी नव्हे.

नंतर तू दुसऱ्या एका प्रकरणात साक्ष द्यायला साताऱ्याला गेलास. येताना कराडवरून तो फोन.

तुझ्या दहाव्याचं ऐक. ओढ्याकाठी पिंड ठेवले, सगळे लांब जाऊन उभे राहिले. मी मनाशी म्हणत होतो, आता बसा दुपारपर्यंत. ह्याचं तर वाक्य राहिलंय, कावळा शिवायचाच नाही. कुणीतरी विचारील, ह्यांच्या मनात काय राहिलं होतं? आणि मग मी पुढे होऊन सांगीन. मी तयारीत होतो. आणि कावळा आला की रे. लोक नीट मागे सरकलेही नव्हते, तोवर आला, शिवला, घास घेऊन उडाला. सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. "सुटला बगा, कशातबी जीव न्हवता," असं म्हणत बायकांनी डोळ्याला पदर लावले. मी एकटाच तिथं खुळ्यासारखा उभा. इतक्या वर्षांचं आपलं भांडण, आणि तुझ्या मनात त्यातलं काहीच राहिलं नव्हतं? मला तो अपमान वाटला. गाडीत बसल्यावर मी रडलो, आणि ड्रायव्हरला सांगितलं की धूळ गेली.

निघताना वहिनी म्हणाल्या, "भावजी, ह्यांचं तुमच्याशी कायतरी वाजलं हुतं न्हवं?" म्हटलं, होतं चालू. "मंग बरं. तुमच्यासंगं वाजलं की ह्ये झ्याक असायचं. घरी येऊन भितीकडं त्वांड करून तुमच्याशीच भांडत बसायचं. तुमचं बी आपुनच बोलायचं." मी विचारलं, त्या कागदाचं काही बोलला होता का? त्यांनी मान हलवली. कागदातलं तू त्यांना कधीच सांगितलं नाहीस. तेही तुझ्याच नियमात बसणारं.

मी सांगलीला आलो. खोली उघडली. तुला ठाऊक आहे, मी एकटा जीव सदाशिव, घरी कुणी वाट बघणारं कधीच नव्हतं आणि मला त्याचं काही वाटलंही नाही. आता कळतं, वाटत का नव्हतं. दिवसभर तुझ्याशी हुज्जत घालून मी इतका दमायचो की घरी कुणी नाही हे लक्षात यायच्या आत झोप लागायची. आता दमत नाही. दिवसभर खोलीत कुणी चूक काढत नाही. चहावाला सवयीनं दोन कप ठेवून जातो, मी दोन्ही पितो, त्याला सांगायचं जिवावर येतं.

कोर्टात तारीख होती म्हणून गेलो, तर हौसाबाई जिन्यात भेटली. "त्ये आमच्याकडचं सायेब गेलं म्हनं." म्हटलं, हो मावशी. तिनं हातातली पिशवी खाली ठेवली आणि कपाळाला हात लावला. मग विचारलं, "आता माज्या कागदाचं कोन बगनार?" मी बघतोय, म्हटलं. ती माझ्याकडे नीट बघत म्हणाली, "तुमी येकलंच?"

बिरू, तिला कागदाची काळजी होती, माझी नव्हे. पण तो प्रश्न मला जिना उतरून खोलीपर्यंत पुरला. अहवाल द्यायला कोर्टानं शेवटची मुदत दिली होती. माझ्या मतानं लिहावं तर पुरावा नाही. तुझ्या मतानं लिहावं तर त्या बाईचा एकुलता एक आधार जातो. आणि तिसरं काहीतरी होतं, सोपं, ते तू कराडच्या स्टँडवर घेऊन बसलास.

शेवटी मी गोदामात गेलो, तुझ्या पट्ट्या आणायला. शिंकून शिंकून बेजार झालो. तिथला मुकादम म्हणाला, "आटपाडीचं सायेब? लय भला मानूस. दर बुधवारी यायचं, हितं पोत्यावर बसायचं, चा प्यायचं. म्हनायचं, आमचा एक येडा हाय, त्याला पटवायचाय." म्हणजे बुधवारी दातांच्या डॉक्टरकडे जातो म्हणून सांगायचास ते हे. मुकादमानं दोरीवरच्या पट्ट्या काढून दिल्या. फुंकर मारायला लागला तेव्हा मी त्याचा हात धरला. का धरला, ते मलाही कळलं नाही. सवय असेल, नमुना झटकायचा नाही.

खोलीवर येऊन यूव्हीखाली बघितलं. तुझं म्हणणं खरं निघालं. जुनी पट्टी काय, अलीकडची काय, दोन्ही सारख्याच पिवळ्या, दोन्हींची निळी चमक गेलेली. गोदामानं सगळ्यांना एकाच वयाचं करून टाकलं होतं. मी तुला दोन शिव्या घातल्या आणि तू जिंकलास म्हणून लिहायला बसणार होतो. उठताना हात लागून पट्टी सरकली आणि मायक्रोस्कोपखाली कोऱ्या कागदाऐवजी तुझी ओळ आली. "पाऊस बरा." शाईची रेघ काळीभोर, आणि तिच्यावर बारीक हिरवट ठिपके उजळलेले. कागदावर जसे, तसेच शाईवरही. बरोबरच आहे. तू आधी लिहिलंस, हळद नंतर बसली. ती शाईवरही बसणारच.

हौसाबाईचा कागद बघताना ह्या ठिपक्यांनी आपल्याला किती छळलं होतं, आठवतं? मजकुराची शाई मोजताना प्रत्येक ओळीवर हळदीचा कण मध्ये यायचा, आलेख बिघडायचा, तू वैतागून दुसरं अक्षर शोधायचास. आणि सही? सहीचा आलेख पहिल्याच झटक्यात स्वच्छ मिळाला. आपण खूश झालो होतो लेका. "सहीनं तरी तरास दिला न्हाई," म्हणाला होतास तू.

मी कागद पुन्हा दिव्याखाली घेतला. मजकुराच्या शाईवर हळद आहे. सहीच्या रेघेवर एक कण नाही. रेघेच्या दोन्ही काठांना आहे, रेघेखाली आहे, पेनच्या टोकानं ढकलून पुढे साचवलेली आहे. आधी कागद पिवळा झाला, मग त्यावर सही झाली. कागद खरंच जुना असेल, मजकूर त्या सालचा असेल, म्हणजे तू बरोबर. सही त्या मजकुराबरोबरची नाही, म्हणजे मी बरोबर. आणि दोघंही हळदीला मध्ये आलेली कटकट समजून ती चुकवत बसलो, कारण आपण सांगलीत राहतो आणि इथं हळदीकडे कुणी बघतच नाही. पुण्या-मुंबईचा कुणीही पहिल्याच दिवशी विचारता, हे पिवळं कुठं आहे आणि कुठं नाही?

मी मान वर केली आणि म्हटलं, "बिरू, बघ." बोलून झाल्यावर कळलं.

हेच सुचलं होतं का रे तुला? "लय सोपं हाय," हे जुळतं. "आपुन दोघं बी आंधळं," हेही जुळतं. पण तुला सगळंच सोपं वाटायचं आणि दोघांनाही आंधळं तू आठवड्यातून एकदा म्हणायचासच. तुला दुसरंच काही सुचलं असेल, याहून चांगलं. रोज सकाळी वाटतं, हेच होतं. दुपारपर्यंत वाटतं, नसेल. उपलब्ध पुराव्यावरून मत देता येत नाही. घे, म्हणालो. तुझं वाक्य माझ्या तोंडून ऐकायला आयुष्यभर टपून होतास, आणि आता ऐकायला नाहीस.

अहवाल दिला. सुरुवात तुझ्याच वाक्यानं केली, मजकूर कोणत्या साली लिहिला याबाबत मत देता येत नाही. त्याखाली माझं वाक्य, सही कागदावर हळद बसल्यानंतर झाली आहे. सोबत फोटो आणि तुझ्या पट्ट्या जोडल्या. खाली दोन सह्यांची जागा होती. माझ्या सहीशेजारी तुझं नाव छापलेलं तसंच राहू दिलं आणि वरची रेघ मोकळी ठेवली. वकिलानं विचारलं, हे खोडायचं राहिलं का? म्हटलं, राहिलं नाही. निकाल काय लागेल ते कोर्ट बघेल. हौसाबाईला जिन्यात एवढंच सांगितलं की मशीनला जेवढं कळलं तेवढं ती बोलली. ती म्हणाली, "तुमी येकल्यानं बगितलं न्हवं?" मी म्हटलं, नाही मावशी, दोघांनी.

काल खंडेनवमी झाली. कुंकू मीच लांबून लावलं आणि मीच स्वतःवर ओरडलो. त्यानंतर सहज तुझा गेल्या दसऱ्याचा कागद यंत्राखाली घेतला. ती शाई अजून कोवळी आहे, बिरू. नवी शाई सुरुवातीला भराभर बदलते, ते तुला मी काय सांगणार. मागच्या आलेखाशी ताडलं तर रेघ सरकलेली दिसते. पुढची काही वर्षं ती अशीच सरकत राहील, आणि मी हयात असेन तोवर दर दसऱ्याला ती बघत जाईन. इतकं आहे तुझं माझ्याकडे, आणि ते थोडं नाही.

आज सकाळी बाजारात जाऊन पेनं आणली. दुकानदारानं विचारलं, ते दुसरे साहेब? मी आपट्याची पानं त्याच्या हातात ठेवली आणि निघालो. खोलीत येऊन तुझा फुलस्केप काढला, गठ्ठ्यात अजून बरेच उरलेत. तुझ्या खुर्चीत बसलो. तू हलक्या हातानं लिहायचास, मी पेन रोवतो. तुझी ओळ सरळ जायची, माझी उतरते. तरी प्रत्येक पेननं तेच लिहिलं, तेवढंच लिहिलं. आज दसरा. पाऊस बरा झाला. आज दसरा. पाऊस बरा झाला.

मग पुढे कुणी हे कागद ताडायला घेतले तर फसायला नको, म्हणून समासात नोंद केली आणि खाली सही केली.

इथून पुढे लिहिणारा हात बदलला आहे.